पाऱ्याविरुद्ध काम करायचंय. रसायनशास्त्र सोडू का?

प्रश्न : मी रसायनशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाऱ्याच्या प्रदूषणाविरुद्ध जगभर मोहीम चालवणाऱ्या संस्थांत मला जायचं आहे. त्यासाठी एम.ए.ला आंतरराष्ट्रीय संबंध घेऊ का? बाबा म्हणतात, घोषणा द्यायचा पगार कोण देतो?

उत्तर : रसायनशास्त्र सोडू नकोस. हा सगळा लढा मोजमापावरच उभा आहे.

जपानमधल्या मिनामाताचं उदाहरण घे. तिथल्या एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्यामुळे लोक आजारी पडले आणि १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी एका मांजराला खाण्यातून कारखान्याचं सांडपाणी दिलं आणि मांजराला तोच आजार झाला. कंपनीने हा निष्कर्ष दाबून ठेवला. पाऱ्याचं सांडपाणी थांबायला १९६८ उजाडलं. म्हणजे पुरावा हाती असूनही नऊ वर्षं गेली. पुरावा मिळवणं हे एक काम, तो टेबलावर ठेवून सरकारांना हलवणं हे दुसरं. तुला ओढ दुसऱ्याची आहे, पण पहिलं येत नसेल तर तिथे तुझं कोण ऐकणार?

दुसऱ्या कामाची गंमत (मला तरी ती गंमतच वाटते) शब्दांत आहे. पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१७ पासून लागू झाला. छोट्या सोनेखाणी (तिथे सोनं वेगळं करायला पारा वापरतात) हा हवेत पारा सोडणारा सर्वांत मोठा मानवी स्रोत. त्यांच्याबद्दल कलम ७ म्हणतं, वापर कमी करा आणि ‘शक्य असेल तिथे’ बंद करा. या तीन शब्दांच्या आड कितीही वर्षं काढता येतात. उलट कराराच्या २०२३ च्या जिनिव्हा परिषदेत पारा असलेल्या फ्लुओरेसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात बंद करायला २०२७ ही अखेरची मुदत मिळाली. ‘शक्य असेल तिथे’च्या जागी तारीख आणायची, हीच या मोहिमेची नोकरी. पण खाणीत पोट भरणाऱ्यापुढे पाऱ्याशिवाय सोनं वेगळं करायची पद्धत ठेवल्याशिवाय नुसत्या तारखेला अर्थ नाही, आणि तिथे पुन्हा रसायनशास्त्रच लागतं.

म्हणून एम.एस्सी. विश्लेषणात्मक किंवा पर्यावरण रसायनशास्त्रात कर. पर्यावरण कायद्याचा छोटा अभ्यासक्रम सोबत जमेल. इंग्रजी पक्कं कर आणि फ्रेंच किंवा स्पॅनिश शीक. पश्चिम आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या खाणींच्या भागात त्यांचा उपयोग होईल.

बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही. आयपेन, झीरो मर्क्युरी वर्किंग ग्रुप यांसारख्या विषारी रसायनांविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या गटांत जागा थोड्या, आणि अशा क्षेत्रात बरंच काम निधी असेपर्यंतचं. प्रयोगशाळेचं कौशल्य हाती असलं तर मधल्या काळात अडणार नाही. धीर मात्र लागेल. मिनामाताच्याच शिनोबू साकामोतो यांना आईच्या पोटातच पाऱ्याची बाधा झाली. १९७२ मध्ये त्या शाळकरी वयात संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेसाठी स्टॉकहोमला गेल्या होत्या. कराराची पहिली परिषद जिनिव्हात भरली तेव्हा, २०१७ मध्ये, त्या तिथेही बोलल्या.

आता एवढंच कर : कराराचा मसुदा मिळव, कलम ७ आणि परिशिष्ट ‘सी’ (छोट्या सोनेखाणींसाठी देशांनी करायच्या आराखड्याबद्दलचं) वाच, आणि जिथे जिथे पळवाट दिसेल तिथे पेन्सिलने खूण कर. कंटाळा आला नाही, तर मला पुन्हा लिही.