बत्तिसाव्या किलोमीटरनंतर

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरं या वेळी देत आहोत. धावणाऱ्यांइतकीच पत्रं त्यांच्या घरच्यांचीही आहेत, याचा विशेष आनंद वाटतो.

प्रश्न : मी कासारवडवलीला राहतो, वय 36. आठवड्याला 20-22 किमी धावणं होतं आणि दोन अर्धमॅरेथॉन झाल्या आहेत. पूर्ण मॅरेथॉनला किती आठवडे लागतील? आणि लांब पल्ल्यासाठी धावायचं कुठे? घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर उतरायला मन धजत नाही.

18 आठवडे धरा, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला सुरुवात. आठवड्यातून चार दिवस पुरेत : मंगळवारी 6 ते 8 किमी सावकाश, गुरुवारी 8 ते 10 किमी (त्यातले मधले 4-5 जरा जोरात), शनिवारी 5 किमी अगदी हलके आणि रविवारी लांब पल्ला.

रविवारची अंतरं क्रमाने अशी ठेवा : 12, 14, 16, 12, 18, 20, 22, 16, 24, 26, 18, 28, 30, 22, 32, 20, 12 आणि अठराव्या रविवारी शर्यत. मधूनमधून अंतर कमी केलंय ते मुद्दाम. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायुबंध त्यामानाने सावकाश तयार होतात, त्यांना हे हलके आठवडे लागतात. त्यातला एक दिवाळीत बसवून घेतलात तर घरीही कुरबुर होणार नाही. 32 किमीचा रविवार शर्यतीच्या बरोबर तीन आठवडे आधी येतो. त्यानंतर अंतर कमीच करत जायचं. शेवटच्या पंधरवड्यात ‘एकदा 35 करून बघू’ असं अनेकांना वाटतं. त्यातून फक्त थकवा हाती लागतो, कारण त्या धावण्याचा फायदा शरीरात उतरायला वेळच उरलेला नसतो.

रविवारचा वेग असा ठेवा की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. 65 किलो वजनाच्या माणसाला दर किलोमीटरला साधारण 65 कॅलरी लागतात, आणि स्नायू व यकृत मिळून साखरेचा साठा असतो साधारण 1800 ते 2000 कॅलरींचा. बाकीची भर चरबी घालते, पण जितकं जोरात धावाल तितका साखरेचा वाटा वाढतो. त्यामुळे सुरुवातीला वेग चढवलेला माणूस तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास एकदम रिकामा होतो, पाय उचलता उचलत नाहीत. सावकाश धावून शरीराला चरबी वापरायची सवय लावणं, हेच या 18 आठवड्यांतलं मुख्य काम. तुमचा सावकाश वेग किलोमीटरला साडेसात मिनिटं असेल तर 32 किमीला चार तास लागतील. तसं असेल तर अंतर सोडा, साडेतीन तास झाले की थांबा.

सर्व्हिस रोडबद्दलची तुमची भीती रास्त आहे. अवजड वाहनं, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी आणि पहाटेचा अंधार यांच्यात धावू नये. हिरानंदानी इस्टेटच्या आतल्या रस्त्यांवर तीन-चार किमीचा फेरा आखा आणि तोच सहा-सात वेळा मारा. कंटाळवाणं वाटेल, पण पाण्याची बाटली एकाच जागी ठेवता येते, पोट बिघडलं तर घर जवळ असतं आणि वेग घसरतोय का ते प्रत्येक फेऱ्याला कळतं. बदल हवा असेल त्या रविवारी उपवन तलाव आणि पोखरण रोडचा परिसर घ्या. ऑक्टोबरमध्ये मात्र पावणेपाचला घराबाहेर पडा, आठनंतरचं ऊन आणि दमट हवा शेवटचे पाच किमी खाऊन टाकते.

प्रश्न : पेडर रोडच्या चढाची सगळ्यांनी धास्ती घातली आहे. त्यासाठी येऊर चढावं का? (लोकमान्यनगर, ठाणे)

चढावं, पण आठवड्यातून एकदाच आणि उजाडल्यावर. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे बिबट्यांचा वावर आहे आणि वनखात्याच्या चौकीचे नियम सगळ्यांना सारखे लागू आहेत. अंधारात, एकट्याने, कानात गाणी लावून जाऊ नका.

पेडर रोडचा चढ येऊरच्या मानाने काहीच नाही. तो जाचतो कारण परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणून निव्वळ चढ चढण्यापेक्षा दमलेल्या पायांनी चढायची सवय करा : आधी सपाटीवर 14-15 किमी धावा आणि मग येऊरच्या खालच्या टप्प्यावर 300-400 मीटरचे चार चढ. नवी मुंबईकरांना हेच बेलापूरच्या पारसिक हिलवर करता येईल. चढताना पावलं आखूड, नजर दहा-पंधरा मीटर पुढे, कंबरेतून वाकायचं नाही. वेग पडला तर पडू द्या, श्वास तोच राहिला पाहिजे.

उताराकडे कुणी लक्ष देत नाही. येऊरवरून धाडधाड खाली आलं की मांडीच्या पुढच्या स्नायूंना मार बसतो आणि दोन दिवस जिना उतरता येत नाही. उतरताना आवरून धावा, पहिले तीन-चार आठवडे तर चालतच उतरा.

प्रश्न : मी 47 वर्षांची आहे, नेरूळला राहते. पहाटे पाम बीच रोडवर धावणं बरोबर आहे का?

रस्त्याच्या कडेने नको. वाशी ते बेलापूर हा साधारण दहा किलोमीटरचा रस्ता सरळ आणि रुंद आहे, म्हणूनच गाड्या तिथे बेभान सुटतात. रोजच्या धावण्यासाठी ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानाचा आतला मार्ग घ्या, वाशीकडच्या मैत्रिणी असतील तर मिनी सीशोअर, खारघरकडच्या असतील तर सेंट्रल पार्क. एकाच दिशेने फेरे मारू नका, दर दिवशी दिशा बदला. सतत एकाच बाजूला वळल्याने बाहेरच्या पायाचा गुडघा कुरकुरायला लागतो. पाम बीचला जायचंच असेल तर चौघी-पाचजणी मिळून, पदपथावरून आणि चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून जा. हिवाळ्यात डीपीएस तलावाच्या बाजूला रोहित पक्षी दिसतात, तिथे दोन मिनिटं थांबलात तर सराव बुडत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी पाहून घ्या. हिमोग्लोबिन कमी असताना कितीही शिस्तीने धावलात तरी दम वाढत नाही आणि दोष मात्र आपण स्वतःच्या आळसाला देत बसतो.

प्रश्न : धावताना जेल (पाकिटातला साखरेचा घट्ट पाक) घेतलं की मळमळतं आणि न घेतलं तर पंचविसाव्या किलोमीटरला पोटऱ्या वळतात. काय खावं? (ऐरोली)

जेल पाण्याशिवाय घेतलंत, किंवा ओआरएसबरोबर घेतलंत, तर मळमळणारच. पोटात साखर फार घट्ट होते. जेलबरोबर चार-पाच घोट साधं पाणी घ्या आणि भूक लागायची वाट न पाहता चाळिसाव्या मिनिटाला पहिलं जेल संपवा. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं हवीत, एका जेलमध्ये साधारण 20 ते 25 ग्रॅम असतात. जेल सोसतच नसेल तर बिया काढलेला मऊ खजूर चालतो, तीन नगांत जवळपास तेवढाच ऐवज मिळतो. शेंगदाण्याची चिक्की मात्र धावताना नको, तिच्यातलं तेल पोटात रेंगाळतं.

ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या बाटलीत कोंबू नका. किती प्यायचं हे ठरवण्यासाठी एका रविवारी कमीत कमी कपड्यांत, धावण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला, त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवा. सगळं भरून काढायची गरज नाही. वजन शर्यतीनंतर वाढलेलं असेल, बोटं सुजली असतील, डोकं ठणकत असेल किंवा उलटी होत असेल, तर साधं पाणी अति झालंय आणि रक्तातलं मीठ उतरलंय. अशा वेळी आणखी पाणी पाजू नका, थेट वैद्यकीय कक्षात न्या.

पोटऱ्या वळण्याचं खापर नेहमी मिठावर फोडतात. पुष्कळदा कारण साधं असतं : सरावात कधी न धावलेला वेग त्या दिवशी धरलेला असतो. तुमच्या पंचविसाव्या किलोमीटरच्या आधीचे वेग तपासा.

पहाटे पाचची सुरुवात असेल तर अडीच-तीनला खाणं झालं पाहिजे : दोन केळी, किंवा वाटीभर कमी तेलाचे पोहे. साबुदाण्याची खिचडी नको. आणि हे सगळं 28 आणि 30 किमीच्या रविवारी करून पाहा, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नव्हे.

प्रश्न : नडगी दुखते. गोळी घेऊन धावलं तर चालेल का? (कळवा)

नाही. नडगीच्या आतल्या कडेला बोटभर लांबीत दुखत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर अंतर निम्म्यावर आणा, बूट पाहा (500 ते 800 किमीनंतर तळ दबलेला असतो) आणि सिमेंटऐवजी मातीवर धावा. दुखणं एकाच ठिपक्यावर असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला चीर असू शकते. धावणं त्याच दिवशी बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वेदनाशामक गोळी खाऊन लांब पल्ला धावणं घातक आहे, घामाने पाणी उतरलेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

प्रश्न : माझी पत्नी पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन धावतेय. मी, दोन मुलं (9 आणि 6) आणि आई असे नौपाड्याहून जाणार. सुरुवातीला सीएसएमटीला उभं राहावं की शेवटी? तिला आम्ही दिसलो पाहिजेत.

दोन्हीकडे नको. सुरुवातीला अंधार, गर्दी आणि कठडे असतात, आणि तेव्हा तिला तुमची गरजही नसते. शेवटी ती अंतिम रेषेवरची कमान पाहून येतच असते. तुम्ही हवेत ते तिसाव्यापासून चाळिसाव्या किलोमीटरपर्यंत.

आईंना चालणं जमत असेल तर मरीन ड्राइव्हचा चौपाटीकडचा भाग निवडा. ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून चर्नी रोड, आणि पूल उतरलं की समुद्र. इथे धावणारे सुरुवातीलाही जातात आणि परतताना शेवटच्या पाच-सहा किलोमीटरमध्येही येतात. बसायला कठडा आहे, मुलांना मोकळी जागा आहे. आईंना गाडी बदलणं नकोसं असेल तर दादरला उतरून शिवाजी पार्क. अर्धं अंतर संपल्यावर येणाऱ्या या पट्ट्यात माहीम-दादरची घरंच्या घरं रस्त्यावर उतरतात. पेडर रोडचा चढ सर्वांत मोलाचा, पण सावली आणि बसायची सोय पाहता लहान मुलांना घेऊन तिथे दोन तास काढणं कठीण. सागरी सेतूवर प्रेक्षकांना जाता येत नाही. मार्गात दर वर्षी थोडेफार बदल होतात, तेव्हा आयोजकांचा त्या वर्षीचा नकाशा पाहूनच जागा पक्की करा.

आता वेळ. समजा तिचा वेग किलोमीटरला सात मिनिटं आहे आणि तुम्ही 37 किमीवर आहात. 37 गुणिले 7 म्हणजे 259 मिनिटं, 4 तास 19 मिनिटं. सुरुवात पाचला, पण गर्दीतून रेषेपर्यंत पोचायला दहा मिनिटं धरा : साडेनऊ. तिसाव्यानंतर वेग पडतो, म्हणून आणखी दहा-पंधरा मिनिटं. सव्वानऊ ते दहा या वेळात तिथून हलू नका, चहासुद्धा आधीच घ्या. मोबाइलवरचं ट्रॅकिंग वेळ नोंदवणाऱ्या, रस्त्यावर अंथरलेल्या चटया ओलांडल्यावरच पुढे सरकतं, त्यामुळे ‘ती अजून मागे आहे’ असं दाखवत असताना ती समोरून निघून गेलेली असू शकते.

आदल्या रात्री तिला दोन गोष्टी नक्की सांगा : कितव्या किलोमीटरला आणि कोणत्या हाताला. ‘चौपाटीपाशी’ एवढं पुरत नाही, ‘परतताना डाव्या हाताला’ असं सांगा. जाणारे आणि परतणारे रस्त्याच्या वेगवेगळ्या बाजूंनी असतात आणि मधून ओलांडता येत नाही. कपड्यांच्या रंगावर भिस्त ठेवू नका, उंच काठीला पिवळा दुपट्टा बांधा. दमलेल्या माणसाची नजर खाली असते, म्हणून तुम्ही दिसण्याआधी तुमची हाक तिला ऐकू जाऊ द्या. मुलांनी ‘आई’ म्हणून हाक मारली तर तिथल्या पन्नासजणी वळतील, नावानेच हाक मारा, त्या दिवशी चालतं.

‘आता थोडंच राहिलं’ असं म्हणू नका. 37 वर अजून पाच किलोमीटर म्हणजे तिच्यासाठी पस्तीस-चाळीस मिनिटं असतात. उरलेलं अंतर खरं सांगा. देण्यासाठी सोललेल्या संत्र्याच्या फोडी, मीठ लावलेलं लिंबू आणि ओला रुमाल ठेवा. साली रस्त्यावर पडू देऊ नका, मागचा घसरतो. मुलांना सोबत धावायला मार्गात सोडू नका.

संपल्यावर भेटायची जागा सीएसएमटीच्या उपनगरी तिकीट खिडक्यांपाशी ठरवा, कारण त्या गर्दीत फोन लागेलच असं नाही. तिच्यासाठी सुके कपडे, चपला आणि खारट काहीतरी न्या. बुटांतून सुजलेले पाय बाहेर काढल्यावर चपलांइतकं सुख कशातच नसतं. ती पहाटे एकटी जाणार असेल तर मध्य रेल्वे त्या दिवसासाठी सोडते त्या विशेष लोकलचं वेळापत्रक आधी पाहा. परतीचं विसरू नका : रविवारी सकाळी उशिरा मेगाब्लॉक सुरू होतो, शनिवारी संध्याकाळीच तो कुठल्या मार्गावर आहे ते बघून ठेवा. आणि ठाण्याची गाडी लागली की तिला खिडकीजवळ नव्हे, बाकाच्या बाहेरच्या टोकाला बसवा, पाय लांब करता येतात.