इतिहास-भूगोलाचा तास गणिताने खाल्ला तर?

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे. इतिहास-भूगोलाचा तास आठवड्यातून एकदा, तोही बरेचदा गणिताला जातो. बाई म्हणतात आधी नीट वाचता तर येऊ दे. बरोबर आहे का हे?

उत्तर: बाईंची अडचण कळते, ज्याची परीक्षा त्याचाच तास. अमेरिकेत 2002 च्या कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची टेस्ट कंपल्सरी केली आणि बऱ्याच शाळांनी सोशल स्टडीजचा वेळ कापला. पण "आधी वाचन" हे लॉजिक जरा उलटंच आहे. 1988 मध्ये तिथल्याच दोन संशोधकांनी मुलांना बेसबॉल मॅचचा उतारा दिला, तर वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्यांच्या पुढे गेली. म्हणजे बघा, कर, निवडणूक, खोरं हे काय असतं तेच माहीत नसेल तर नुसती अक्षरं जोडून करायचं काय?

सनावळ्याच घोकायच्या असतील तर मात्र तास गेलेलाच बरा (हे माझं मत हं). घरी एक करून बघा, तिला वर्गाचा नकाशा काढायला सांगा, छतावरून बघितल्यासारखा. पहिल्यांदा बाक चारी पाय पसरून पडलेले दिसतील आणि तिचा स्वतःचा सगळ्यात मोठा. हसू नका. मग विचारा, शेवटच्या बाकावरून फळा दिसतो का, कुणी कुठे बसायचं हे कोण ठरवतं? झाला की भूगोल, नागरिकशास्त्रसुद्धा. आणि बाईंशी तासावरून भांडू नका, वाचनाच्या तासालाच कधीतरी इतिहास-भूगोलाचे उतारे घ्या म्हणा, त्या बहुतेक ऐकतील.