जस्त-आयन बॅटरी लवकर मरते, इलेक्ट्रोलाइटमध्ये काय बदलू?

इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारं द्रावण) म्हणून २ मोलर झिंक सल्फेट, मँगनीज डायऑक्साइडचा कॅथोड (धन टोक), आणि थोड्याच सायकलमध्ये सेल फुगून क्षमता घसरते, असं तुम्ही लिहिलंय. मीही याच रसायनावर काम करतो.

मूळ पाण्यात आहे. द्रावणात प्रत्येक जस्त आयनाला पाण्याचे सहा रेणू बिलगलेले असतात. आयनाच्या ओढीने त्यांचा प्रोटॉन सैल होतो आणि चार्जिंगच्या वेळी जस्ताच्या पत्र्यापाशी (ऋण टोकापाशी) हायड्रोजन सुटतो. सेल फुगते ती त्यानेच. मागे हायड्रॉक्साइड उरतो, तिथला पीएच चढतो, झिंक हायड्रॉक्सी सल्फेटचे पांढरे पापुद्रे धरतात. मग जस्त सपाट न बसता ठिकठिकाणी साचतं आणि डेंड्राइट (धातूचे काट्यांसारखे फुटवे) वाढतात.

म्हणजे त्या सहांतले काही रेणू हटवायचे. २०१८ मध्ये मेरिलँड विद्यापीठातल्या चुनशेंग वांग यांच्या गटाने पाण्यात २० मोलाल (किलोभर पाण्याला २० मोल) लिथियम टीएफएसआय हे लिथियमचं मीठ घालून कूलॉम्बिक कार्यक्षमता (बसवलेल्या जस्तापैकी किती परत निघतं ते प्रमाण) जवळपास १०० टक्क्यांवर नेली. काम सुंदर आहे, पण एक किलो पाण्याला साडेपाच किलोहून जास्त महागडं मीठ लागतं. स्वस्ताई हाच ज्या बॅटरीचा आधार, तिथे हा मार्ग मला पटत नाही.

तुम्ही सल्फेट तसंच ठेवा आणि थोडं डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) किंवा इथिलीन ग्लायकॉल, ही पाण्यात मिसळणारी द्रावकं, घालून बघा. डीएमएसओचा डोनर नंबर (इलेक्ट्रॉन देऊन आयनाला धरण्याच्या ताकदीचं माप) २९.८, पाण्याचा १८; त्यामुळे ते जस्ताला पाण्यापेक्षा घट्ट धरतं. जास्त ओतू नका. द्रावण दाट होतं आणि वाहकता पडते. कॅथोडमधून मँगनीज विरघळतं, त्यासाठी ०.१ मोलर मँगनीज सल्फेट घाला. मात्र चार्जिंगमध्ये त्यातूनही नवा मँगनीज डायऑक्साइड बसतो, म्हणून वाढलेली क्षमता सगळी मूळ कॅथोडची समजू नका.

सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते मोजमापाबद्दल. जस्त-जस्त सेल (दोन्ही बाजूंना जस्ताचाच पत्रा) शेकडो तास चालली म्हणून हुरळून जाऊ नका. १०० मायक्रॉनच्या पत्र्यावर दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिअँपिअर-तास फिरवलात तर जेमतेम १.७ मायक्रॉन जस्त वापरलं जातं. बाकीचा साठा सगळं नुकसान झाकतो. शिवाय बारीक शॉर्ट झाला तरी व्होल्टेजची रेघ सरळच दिसते. जस्त-तांबे सेल लावा, म्हणजे तांब्यावर बसलेलं जस्त किती परत निघतं ते कळतं. तिथे ९९ टक्के कार्यक्षमता ऐकायला छान वाटते, पण नव्याने भर न घालता १०० सायकलनंतर जस्त उरतं फक्त ३७ टक्के. आधी साध्या सल्फेटचा हा कार्यक्षमतेचा आकडा काढा, मग त्याच पत्र्यावर, त्याच करंटला डीएमएसओचा.