कोणत्याच धर्मात पूर्ण बसत नसेल, तर स्वतःला काय म्हणवून घ्यावं?

आधी तीन गोष्टी सुट्या करा: मानता काय, पाळता काय आणि आपलं माणूस म्हणून कुणाला धरता. 'धर्म कोणता?' या प्रश्नात तिन्ही एकत्र येतात, म्हणून उत्तर अडतं. जपानमध्ये शिंतो (तिथला पारंपरिक धर्म) आणि बौद्ध संस्थांनी कळवलेल्या अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते, कारण एकच माणूस दोन्हीकडे मोजला जातो. तिथे बहुतेकांना त्यात विसंगती वाटत नाही. ज्यू असून देव न मानणारेही पुष्कळ आहेत.

शब्दांचं म्हणाल तर, देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं वाटत असेल तर अज्ञेयवादी. यासाठीचा इंग्रजी शब्द 'अॅग्नॉस्टिक' इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी १८६९ मध्ये घडवला. 'नास्तिक' मात्र जपून वापरा. आपल्या दर्शनांत, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या जुन्या परंपरांत, त्याचा रूढ अर्थ 'वेदप्रामाण्य न मानणारा' असा होता. त्यामुळे ईश्वराशिवाय जगाची मांडणी करणारं सांख्य आस्तिकांत आणि जैन, बौद्ध, चार्वाक नास्तिकांत! आज तो शब्द ऐकणारा भलताच अर्थ घेतो, आणि मग वाद.

'आध्यात्मिक आहे, पण धार्मिक नाही' हे हल्ली फार ऐकू येतं. मला ते जरा सैल वाटतं. ध्यान करता की फक्त संघटनेचा कंटाळा आलाय, ते त्यातून कळत नाही. त्यापेक्षा एक साधं वाक्य सांगा: 'वाढलो अमुक धर्मात, आता प्रार्थना करतो, पण विधी करत नाही.' फॉर्मवर रकाना ऐच्छिक असेल तर खुशाल रिकामा सोडा.