मका मुरघासासाठी (हवा काढून आंबवून साठवलेला हिरवा चारा) नेमका कधी कापायचा आणि बॅगेत कसा भरायचा?

दिवस मोजत बसू नका, कणीस सोलून दाणा नखाने दाबून बघा. निस्तं पाणीदार दूध उडालं तर अजून थांबा, दाणा घट्ट चिकात आला की कापायचा, साधारण ७५ ते ९० दिवसांत येतो पण वाणावर आणि हवामानावर बरंच असतं. तेव्हा चाऱ्यात पाणी ६५-७० टक्के असतं आणि तेच पाहिजे. कुट्टी (बारीक कापलेला चारा) मूठभर घेऊन जोरात पिळा, पाणी टपकलं तर चारा ओला आहे, अर्धा दिवस सुकू द्या, आणि मूठ सोडल्यासोडल्या सगळं भुरभुर सुटलं तर उशीर झालाय समजा.

कुट्टी १-२ सेंमीचीच करा, मोठी ठेवली की मधे हवा राहते, आणि सगळा खेळ हवा काढण्याचाच आहे. हवा नसली की लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू मक्यातली साखर वापरून चारा आंबवतात, म्हणून मक्याला वरून गूळ वगैरे घालायची खरं तर गरज नसते (दुकानदार काहीही सांगू दे). थर टाका, पायाने तुडवा, परत थर, बॅग गच्च भरली की तोंड आवळून बांधा. उंदरांकडे लक्ष ठेवा, एका भोकाने आजूबाजूचा माल काळा पडतो.

४५ दिवसांनी उघडा. पिवळसर हिरवा आणि आंबटगोड वास म्हणजे जमलं, बुरशी दिसली तर तेवढा भाग सरळ उकिरड्यावर टाका, गाभण गाईला तर चुकूनही नको.