चर्चमधे मोर, सिंह, पक्षी का कोरलेले असतात, त्यांचा अर्थ काय?

नुसतं डेकोरेशन नाहीये ते. पूर्वी बहुतेकांना वाचता यायचं नाही, त्यामुळे भिंती, काचा, खांब यांवरच गोष्टी सांगितल्या जायच्या. मोर म्हणजे अमरत्व, कारण त्याचं मांस सडत नाही असा जुना समज होता. नांगर (जहाजाचा, शेतातला नाही) म्हणजे आशा, तो रोमच्या कॅटाकोंबमधे (जमिनीखालची दफनाची भुयारं) अगदी सुरुवातीच्या ख्रिश्चनांच्या थडग्यांवर दिसतो आणि बायबलमधे इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात आशेला जिवाचा नांगरच म्हटलंय.

पंख असलेले चार जण एकत्र दिसले तर ते शुभवर्तमानं (बायबलमधली येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं) लिहिणारे: माणूस मत्तय, सिंह मार्क, बैल लूक, गरुड योहान. व्हेनिसचा पंखवाला सिंह तोच, मार्कचा.

मला सगळ्यात भिडतं ते पेलिकनचं. वेदीपाशी नीट बघा, एक पक्षी मान वाकवून स्वतःच्याच छातीत चोच खुपसतोय आणि खाली पिल्लं चोची वासून बसलीत, कधीकधी रक्ताचे थेंबसुद्धा लाल रंगवलेले असतात. ती स्वतःचं रक्त पाजून पिल्लं जगवते असं लोक मानायचे, म्हणून ते ख्रिस्ताच्या बलिदानाचं चिन्ह झालं. खरा पेलिकन असं काही करत नाही, पण त्याने चित्राची ताकद कमी होत नाही असं मला मनापासून वाटतं.

संत ओळखायचे तर हातातली वस्तू बघायची. किल्ल्या असतील तर पेत्र, मोडकं चाक असेल तर कॅथरीन.