पीसी घेऊ का कन्सोल?
भावा, आधी खेळायचं काय ते ठरव. काउंटर-स्ट्राइक 2 ही गोळीबाराची गेम पीसीवरच आहे, त्यामुळं असलं माऊसवरचं खेळायचं असेल नाहीतर कॉलेजचं काम, एडिटिंग पण त्यावरच करायचंय तर डोळे झाकून पीसी घे, आणि नुसतं टीव्हीसमोर बसून भावंडांबरोबर खेळायचं असेल तर कन्सोल बास, जोडला की सुरू.

नवीन पोरं हमखास चुकतात ते इथं:
- सगळे पैसे प्रोसेसरला घालतात, ग्राफिक्स कार्डाला काही उरत नाही, वरनं एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) लोकल. हे करू नको!
- स्वस्त पडतोय म्हणून डिस्क घालायची सोय नसलेला पीएस5 (सोनीचा कन्सोल) घेतात, मग सेकंडहँड डिस्क चालत नाही. विकतच्या बऱ्याच गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लस या सोनीच्या सबस्क्रिप्शनचे पैसे पण वेगळे.

आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा 40 च्या वर असतो, त्यामुळं काहीही घे पण टीव्हीच्या कपाटात कोंबू नको, आणि यूपीएस घेच, लाईट गेली आणि माझी एक हार्डडिस्क अशीच गेली. बजेट सांग, पार्टचं मग बघू.